लहान मुलांचा कुशिंग आजार : गोळ्यांचे काम नेमके कुठवर?

सावदेकर

सर्वांना नमस्कार. माझा पुतण्या तेरा वर्षांचा आहे. गेल्या दोन वर्षांत त्याचे वजन सारखे वाढत गेले आणि उंची मात्र होती तिथेच राहिली. शाळेच्या पँटची कंबर शिंप्याकडून दोनदा सैल करून आणावी लागली, पण पायाकडची दुमड एकदाही उसवावी लागली नाही, ही गोष्ट आमच्या आईने प्रथम बोलून दाखवली. तोवर सगळे त्याला खात्यापित्या घरचे पोर म्हणून कौतुकानेच पाहत होते. पुढे चेहरा गोल आणि तांबूस झाला, पोटावर व मांड्यांवर जांभळट रेघा उमटल्या आणि रक्तदाब मोठ्या माणसासारखा चढलेला निघाला. जळगावच्या बालरोगतज्ज्ञांनी वेळ न दवडता मुंबईला पाठवले. तिथे चोवीस तासांची लघवी, रात्रीची लाळ, डेक्सामेथासोनची गोळी देऊन सकाळी घेतलेले रक्त, एमआरआय आणि शेवटी जांघेतल्या शिरेतून नळी घालून मेंदूच्या तळाजवळचे रक्त घेण्याची तपासणी, असे सर्व सोपस्कार होऊन मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्यूटरी ग्रंथीत जेमतेम पाच मिलिमीटरची गाठ आहे आणि हा कुशिंग आजार आहे, असे निदान झाले.

नाकातून दुर्बिणीने ऑपरेशन करायचे ठरले आहे. परंतु साखर व रक्तदाब आटोक्यात आल्याशिवाय भूल देण्यास डॉक्टर तयार नाहीत, म्हणून त्यांनी कीटोकोनॅझोल ही गोळी सुरू केली. गावातल्या मेडिकलवाल्याने चिठ्ठी पाहून, ‘ही तर नायट्याची गोळी आहे, डोक्यातल्या गाठीला कशी काय?’ असे विचारले आणि घरात सगळ्यांच्या मनात पाल चुकचुकली. ही गोळी गाठीवर काम करते काय? गोळीनेच रक्तातले कॉर्टिसॉलचे प्रमाण नीट झाले तर ऑपरेशन टाळता येईल काय? डोक्याचे ऑपरेशन म्हटले की भावजयीला धडकी भरते, म्हणून हे विचारतो. आणि इथे परत आल्यावर कोणत्या तपासण्या कराव्या लागतील? ज्यांच्या घरात असा रुग्ण होऊन गेला आहे किंवा ज्यांना यातले कळते त्यांनी कृपया लिहावे.

पांझराकाठ

सावदेकर, मी धुळ्यात बालरोगतज्ज्ञ आहे, संप्रेरकांचा विशेषज्ञ नाही. त्यामुळे मी लिहितो ते समजून घेण्यापुरते घ्यावे आणि डोसाचा निर्णय तुमच्या मुंबईच्या डॉक्टरांवर सोडावा. एका मुलाचा डोस दुसऱ्या मुलाला लागू होत नाही, म्हणून मी इथे मुद्दाम डोस लिहिणार नाही.

या आजारात पिट्यूटरीतल्या गाठीतून एसीटीएच नावाचे संप्रेरक अव्याहत सुटत राहते, ते मूत्रपिंडांच्या माथ्यावर बसलेल्या अधिवृक्क ग्रंथींना रात्रंदिवस कामाला जुंपते आणि त्या गरजेपेक्षा कितीतरी जास्त कॉर्टिसॉल हे संप्रेरक तयार करतात. कीटोकोनॅझोल गाठीला हातही लावत नाही. अधिवृक्क ग्रंथीत कोलेस्टेरॉलपासून कॉर्टिसॉल बनेपर्यंत जी एन्झाइम एकापाठोपाठ एक काम करतात, त्यांतली काही ती रोखते. बुरशीच्या पेशीचे आवरण तयार करणारे एन्झाइम याच कुळातले असल्यामुळे एकच औषध दोन्हीकडे चालते, इतकेच. तुम्ही सावद्याकडचे केळीवाले आहात म्हणून तुमच्याच भाषेत सांगतो : विहिरीवरची मोटार चालूच आहे, आपण फक्त पाटाचे बारे अडवतो आहोत. गोळी थांबवली की काही दिवसांतच पाणी पुन्हा पूर्वीसारखे वाहू लागते.

यातच तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आहे. मुलांच्या कुशिंग आजारात पहिला आणि मुख्य उपचार नाकातून, स्फिनॉइड सायनस या नाकामागच्या पोकळीच्या वाटेने जाऊन गाठ काढणे हाच आहे. डोक्याची कवटी उघडावी लागत नाही, हे भावजयींना आवर्जून सांगावे. ज्या केंद्रांत अशी ऑपरेशने नियमित होतात, तिथून ७० ते ९० टक्क्यांच्या आसपास, काही ठिकाणी त्याहूनही अधिक मुलांत आजार आटोक्यात आल्याची नोंद आहे. गोळ्यांच्या बाबतीत मुलांमधला अनुभव थोडा आहे आणि त्यातला बराचसा प्रौढांवरून ओढूनताणून आणलेला आहे. शिवाय मुलाच्या बाबतीत वेळेचा हिशेब वेगळा असतो. हाडांची टोके एकदा जुळली की गेलेली उंची परत मिळत नाही, म्हणून ‘वर्षभर गोळ्या खाऊन पाहू’ हा सल्ला चाळिशीच्या रुग्णाला एखाद्या वेळी देता येईल, तेरा वर्षांच्या मुलाला देता येत नाही.

मग गोळ्या कधी? एक प्रसंग तुमच्यासारखा : कॉर्टिसॉल इतके चढलेले आहे की रक्तदाब, साखर, पोटॅशियम आणि जंतुसंसर्ग यांच्या धोक्यामुळे भूल देणे जोखमीचे वाटते, किंवा ऑपरेशनची तारीख लांब आहे. दुसरा प्रसंग ऑपरेशन होऊनही आजार उरतो किंवा काही वर्षांनी उलटतो तेव्हाचा. तिसरा प्रसंग किरणोपचारानंतरचा, कारण त्याचा परिणाम यायला महिने लागतात. मुलांत तो प्रौढांपेक्षा लवकर, बऱ्याचदा वर्ष-दीड वर्षात येतो, पण तोवर कॉर्टिसॉल रोखून धरायला काहीतरी हवे असते.

तुमच्या डॉक्टरांनी शिरेतून रक्त घेण्याची तपासणी गोळी सुरू करण्याआधी उरकली, हे फार चांगले झाले. कॉर्टिसॉल चढलेले असतानाच ती तपासणी विश्वासार्ह ठरते. गोळीने ते उतरल्यावर निरोगी पेशीही एसीटीएच सोडू लागतात आणि निष्कर्ष फसवा ठरू शकतो. सहा मिलिमीटरपेक्षा लहान गाठ असेल तर ती तपासणी करावी असे साधारणपणे मानतात, कारण इतकी लहान गाठ निरुपद्रवीही असू शकते. उलट बऱ्याच मुलांत आजार असूनही एमआरआयमध्ये काहीच दिसत नाही.

आता इथल्या तपासण्या. या गोळीने यकृताला इजा होऊ शकते. गोळी सुरू करण्यापूर्वी यकृताची तपासणी, नंतर पहिला महिनाभर दर आठवड्याला आणि पुढे सहा महिने दरमहा, अशी युरोपातील औषध नियामकांची सूचना आहे. डोस वाढवला की पुन्हा महिनाभर दर आठवड्याला. एसजीपीटी हे यकृताचे एन्झाइम सामान्य मर्यादेच्या तिपटीवर गेले तर गोळी बंद करतात. डोळे पिवळे होणे, लघवी गडद होणे, उलट्या, अन्नावरची वासना उडणे, यांतले काही दिसले तर पुढच्या तारखेची वाट पाहू नये. ईसीजी, पोटॅशियम, साखर आणि रक्तदाब हे सर्व जळगाव-भुसावळला सहज होते. लघवीतले किंवा लाळेतले कॉर्टिसॉल मात्र प्रत्येक वेळी एकाच प्रयोगशाळेतून करावे, कारण दोन प्रयोगशाळांच्या पद्धती वेगळ्या असल्या की आकड्यांची तुलना करता येत नाही.

आणखी एक गोष्ट मुलाच्या वडिलांच्या कानावर घालून ठेवावी. हीच गोळी पुरुष संप्रेरकाची निर्मितीही रोखते. वयात येणाऱ्या मुलात त्यामुळे ती वाढ लांबू शकते आणि छाती थोडी भरू शकते. काही आठवड्यांच्या वापरात याची चिंता नसते. वापर लांबला तर विचार करावा लागतो.

भुसावळ जंक्शन

मी औषधविक्रेता आहे. कीटोकोनॅझोलची २०० मिलिग्रॅमची गोळी आपल्याकडे मिळते, पण मलम आणि शाम्पू यांचा खप जास्त असल्याने छोट्या गावात ती मागवून घ्यावी लागते. एकदम महिन्याचा साठा घेऊन ठेवावा; मध्येच दोन दिवस गोळी चुकणे या आजारात परवडत नाही.

डॉक्टरसाहेबांनी लिहिले आहे त्यात भर घालतो, कारण चूक बहुधा आमच्या काउंटरवरच होते. या गोळीला पोटातले आम्ल लागते. मुलाला मळमळ झाली की घरचे लोक गॅसची गोळी मागतात आणि आम्ही पँटोप्राझोल व डोम्पेरिडोन एकत्र असलेली कॅप्सूल काढून देतो. त्यातल्या पँटोप्राझोलने कीटोकोनॅझोलचे शोषण घटते, आणि डोम्पेरिडोन तर तिच्याबरोबर देणे निषिद्धच आहे, कारण दोन्ही मिळून हृदयाच्या ठोक्याची लय बिघडू शकते. पोटॅशियम आधीच कमी असेल तर धोका आणखी वाढतो. खोकल्या-तापाला सर्रास दिल्या जाणाऱ्या क्लॅरिथ्रोमायसिन, एरिथ्रोमायसिन या प्रतिजैविकांचेही तसेच आहे. दम्याचा पंप चालू असेल आणि त्यात बुडेसोनाइड किंवा फ्लुटिकासोन असेल तर तेही सांगावे : कीटोकोनॅझोल त्यांचे विघटन रोखते, त्यामुळे पंपातले, कॉर्टिसॉलसारखेच काम करणारे स्टेरॉइड रक्तात साचते, आणि जो आजार आपण उतरवतो आहोत तोच दुसऱ्या दाराने आत येतो. म्हणून पोराला काहीही झाले तरी आधी चिठ्ठी दाखवावी आणि मगच औषध मागावे.

गोमाईकाठ

सावदेकरदादा, आम्ही शहाद्याकडचे. माझ्या मुलीला हाच आजार होता. पहिल्या ऑपरेशननंतर कॉर्टिसॉल पुरेसे उतरले नाही, दुसरे ऑपरेशन झाले, त्यानंतर किरणोपचार झाले, आणि त्याचा परिणाम येईपर्यंत ती कीटोकोनॅझोल व कॅबरगोलिन या दोन गोळ्यांवर होती. आता ती बरी आहे.

कागदावर न लिहिलेल्या गोष्टी सांगते. चोवीस तासांची लघवी म्हणजे सकाळची पहिली टाकून द्यायची आणि दुसऱ्या दिवशी सकाळची पहिली धरायची. कॅन फ्रीजमध्ये ठेवावा लागतो. आमच्याकडे उन्हाळ्यात वीज गेली की मी तो बर्फाच्या डब्यात ठेवत असे. शाळेच्या दिवशी हे होत नाही, मूल तिथे लघवीला जाते आणि एक वेळ निसटली की साऱ्यावर पाणी पडते, म्हणून रविवारच धरावा. लाळेचा नमुना रात्री अकराच्या सुमारास घ्यायचा असतो. त्याआधी जेवण आणि दात घासणे होऊन बराच वेळ गेलेला असावा, कारण हिरडीतून रक्त आले तर आकडा चुकतो. मूल झोपेला आलेले असते, कापूस चावायला नको म्हणते, चिडते. चिडचिड हा या आजाराचाच भाग आहे, त्यावर रागावू नये.

गोळ्या चालू असताना मला खरी भीती कॉर्टिसॉल जास्त असण्याची वाटली नाही. ते फार कमी होण्याची वाटली. एकदा सकाळी मुलगी उठेना, पोटात दुखते म्हणाली, उलटी झाली, हातपाय गार पडले. कोणीही पित्त म्हणाले असते. तिच्या डॉक्टरांनी आम्हाला आधीच बजावून ठेवले होते की, असे झाले तर ती गोळी त्या दिवशी देऊ नका, घरात ठेवलेली हायड्रोकॉर्टिसोन, म्हणजे कॉर्टिसॉलची भरपाई करणारी गोळी, द्या आणि रुग्णालय गाठा. तसेच केले. सलाइन आणि इंजेक्शनवर ती दुपारपर्यंत बोलू लागली. तुम्हाला अशी लेखी सूचना मिळाली नसेल तर फोन करून मागून घ्या.

चाळीसगाव रोड

हा धागा वाचून मी इंटरनेटवर थोडे शोधले. परदेशात यासाठी बरीच नवी औषधे निघाली आहेत, त्यांतले एक तर थेट गाठीवरच काम करते असे दिसते. मग आपल्या मुलांना तीच जुनी, यकृताला त्रासदायक गोळी का दिली जाते? पैशाचाच प्रश्न असेल तर लोकवर्गणीने तो सोडवता येईल. दुसरे असे की, आमच्या ओळखीतल्या एका मुलाचे तोंडही असेच गोल झाले होते आणि तो एका वैदूची पुडी बंद केल्यावर बरा झाला. सावदेकरांच्या पुतण्याचे तसे नसेल कशावरून?

पांझराकाठ

आधी दुसरा मुद्दा घेतो, कारण आपल्या भागात तो फार मोलाचा आहे. गोल चेहरा, वाढते वजन आणि खुंटलेली उंची घेऊन येणाऱ्या मुलांत बाहेरून गेलेले स्टेरॉइड हेच सर्वाधिक आढळणारे कारण असते. पिट्यूटरीची गाठ त्या मानाने फारच विरळ. दम्यावर किंवा सांधेदुखीवर मिळणारी बिननावाची पुडी, अंगावरच्या नायट्याला महिनोन्‌महिने चोळलेले क्लोबेटासोलचे मिश्र मलम, बाळाच्या लंगोटाच्या जागी लावलेली तीच ट्यूब, नाक चोंदले म्हणून वर्षभर घातलेले बीटामेथासोनचे थेंब, हे सर्व मी पाहिलेले आहे. मात्र अशा मुलात शरीराचे स्वतःचे एसीटीएच दबलेले असते, आणि कुशिंग आजारात ते सामान्य किंवा चढलेले असते. सावदेकरांच्या पुतण्याची शिरेतून रक्त घेण्याची तपासणी झाली आहे, म्हणजे ही पायरी केव्हाच ओलांडली गेली. ज्यांना अशी पुडी चालू असल्याची शंका येईल त्यांनी ती एका रात्रीत बंद करू नये. दबलेली अधिवृक्क ग्रंथी लगेच जागी होत नाही आणि मूल कोसळू शकते. तुमच्या ओळखीतला मुलगा बरा झाला हे त्याचे नशीब.

आता नवी औषधे. पॅसिरिओटाइड हे इंजेक्शन खरोखर गाठीवर काम करते. अमेरिकेत व युरोपात त्याला २०१२ मध्ये मान्यता मिळाली, ती प्रौढांसाठी. त्याचा मोठा दोष असा की ते इन्सुलिनचे स्रवणे कमी करते. त्याच्या मुख्य चाचणीत सुमारे ७३ टक्के रुग्णांत साखरेशी संबंधित त्रास नोंदवला गेला. ज्या मुलाची साखर चढली म्हणून ऑपरेशन थांबले आहे त्याला हे देणे म्हणजे आगीत तेल ओतणे. ऑसिलोड्रोस्टॅट ही गोळी २०२० मध्ये आली. ती कॉर्टिसॉल बनण्याची शेवटची पायरी रोखते, परिणामकारक आहे, पण तिची मान्यताही प्रौढांपुरती आहे. लिव्होकीटोकोनॅझोल हे कीटोकोनॅझोलचेच सुधारलेले रूप, अमेरिकेत २०२१ च्या डिसेंबरमध्ये प्रौढांसाठी मान्य झालेले; यकृताची काळजी त्यातही सुटत नाही.

मिफेप्रिस्टोन गर्भपातासाठी सर्वांना माहीत आहे. २०१२ पासून अमेरिकेत ते कुशिंगमुळे साखर चढलेल्या प्रौढांना देता येते. ते कॉर्टिसॉल कमी करत नाही, पेशीवरची त्याची जागा अडवते. परिणामी रक्तातला आकडा चढाच दिसतो आणि औषध जास्त झाले की कमी, हे तपासणीवरून समजतच नाही. मुलाच्या बाबतीत अशी आंधळी कोशिंबीर कोणी खेळत नाही.

मेटिरापोन हे जुने आणि झटपट, काही तासांत काम करणारे औषध आहे, परदेशात मुलांतही वापरले जाते, पण आपल्याकडे ते सहज मिळत नाही. त्याची एक खोच सांगतो. ते दिल्यावर कॉर्टिसॉलच्या अलीकडचा पदार्थ रक्तात साचतो आणि नेहमीच्या पद्धतीची तपासणी त्यालाच कॉर्टिसॉल समजून मोजते. आकडा चढा दिसतो, डॉक्टर डोस वाढवतात आणि मूल प्रत्यक्षात कमतरतेत जाते. म्हणून त्या औषधावर असताना मास स्पेक्ट्रोमेट्रीच्या, म्हणजे रेणूंच्या वजनावरून ते वेगळे ओळखणाऱ्या पद्धतीने मोजणी मागावी लागते. याशिवाय त्याने मुलींना लव वाढण्याचा आणि दोघांनाही रक्तदाब वाढण्याचा त्रास होतो.

कॅबरगोलिन, जी गोमाईकाठ ताईंच्या मुलीला दिली होती, ती गाठीवर काम करते, स्वस्त आहे, आठवड्यातून एक-दोनदाच घ्यावी लागते. पण प्रौढांतही थोड्याच रुग्णांत ती पुरी पडते आणि काहींत सुरुवातीचा परिणाम पुढे ओसरतो, म्हणून तिला बहुधा जोडीदार लागतो. अगदी अत्यवस्थ, तोंडाने औषध घेऊ न शकणाऱ्या मुलासाठी एटोमिडेट हे भुलीचे औषध अतिशय कमी प्रमाणात शिरेतून देतात. तासांत कॉर्टिसॉल उतरते, पण ते अतिदक्षता विभागातच.

थोडक्यात, जुनी गोळी देण्यामागे केवळ पैसा नाही. युरोपात २०१४ मध्ये कीटोकोनॅझोलला कुशिंगसाठी जी मान्यता मिळाली तीत बारा वर्षांवरील मुलांचा स्पष्ट उल्लेख आहे, आणि या यादीतल्या इतर गोळ्यांच्या मानाने मुलांमधला वापर तिचाच जास्त आहे. तिचे दोष आपल्याला ठाऊक आहेत आणि दर आठवड्याला मोजता येतात. मुलाच्या बाबतीत मला हे नव्या नावापेक्षा महत्त्वाचे वाटते. वर्गणी गोळा करायचीच असेल तर ती मुंबईच्या जाण्यायेण्याला आणि तपासण्यांना द्यावी.

सावदेकर

डॉक्टरसाहेब, ताई, भाऊ, आपण सर्वांनी इतके सविस्तर लिहिले त्याबद्दल आभारी आहे. पँटोप्राझोल-डोम्पेरिडोनची कॅप्सूल आमच्या घरात होती, ती आजच वेगळी काढून ठेवली.

एक शंका. त्याचे पोटॅशियम २.९ आले आहे आणि त्यासाठी औषध लिहून दिले आहे. आमच्याकडे केळी घरचीच आहेत. केळ्यात पोटॅशियम भरपूर असते असे सगळे म्हणतात, म्हणून आई त्याला रोज अर्धा डझन केळी देऊ लागली आहे. हे योग्य आहे काय?

पांझराकाठ

आजींचा हेतू चांगला आहे, पण हे थांबवावे. शंभर ग्रॅम केळ्यात साधारण ३५० मिलिग्रॅम पोटॅशियम असते आणि त्याबरोबर सुमारे २३ ग्रॅम कर्बोदके असतात. अर्धा डझन केळ्यांनी साखर नक्की चढेल, पोटॅशियम मात्र मनासारखे भरून येणार नाही, कारण गळती मूत्रपिंडातून चालू आहे. कॉर्टिसॉल फार झाले की मूत्रपिंडातले त्याला निष्प्रभ करणारे एन्झाइम अपुरे पडते आणि कॉर्टिसॉल तिथे मीठ राखून पोटॅशियम बाहेर टाकणाऱ्या संप्रेरकाचे काम करू लागते. रक्तदाब चढण्यामागेही हे एक मोठे कारण आहे. शिवाय अशा रुग्णाला क्लोराइडयुक्त पोटॅशियम लागते, ते औषधातच मिळते.

उलट बाजूही पाहावी. चिठ्ठीत स्पायरोनोलॅक्टोन किंवा एनालाप्रिल असेल तर या औषधांनी पोटॅशियम वाढते. त्यांवर पोटॅशियमचे औषध आणि वर केळी, असे झाले तर कॉर्टिसॉल उतरताच पोटॅशियम अचानक जास्त होऊ शकते आणि तेही हृदयाला घातकच. २.९ हा आकडा डोम्पेरिडोनबाबत भाऊंनी लिहिलेल्या धोक्याच्या दृष्टीनेही कमी आहे, म्हणून दोन-तीन दिवसांत पुन्हा तपासून मुंबईला कळवावा. दिवसाला एखादे केळे खाल्ल्याने बिघडत नाही. शेव, पापड आणि लोणचे मात्र तूर्त ताटातून काढावे. खान्देशी घरात हे सांगणे जिवावर येते, पण रक्तदाबाच्या गोळ्या एवढ्या मिठापुढे टिकत नाहीत.

अमळनेरकर

मी माध्यमिक शाळेत शिक्षिका आहे. अशा मुलाबद्दल शाळेला काय सांगावे? आमच्या वर्गात वजनावरून चिडवणे फार चालते.

गोमाईकाठ

ताई, वर्गशिक्षिकेला आणि खेळाच्या सरांना सर्व खरे सांगावे. आमच्या मुलीच्या हातापायाचे स्नायू इतके अशक्त झाले होते की तिला जमिनीवरून उठताना बाकाचा आधार लागे, आणि सर त्याला आळस समजत. अभ्यासात मात्र ती आजारपणात फार पुढे होती, एकेक ओळ पुन्हा पुन्हा गिरवत बसे. बरी झाल्यावर ते ओसरले आणि गुण थोडे घसरले. डॉक्टरांनी याची कल्पना आधीच दिली होती; बऱ्या झालेल्या मुलांतही बौद्धिक चाचण्यांचे गुण काही काळ उतरलेले आढळले आहेत असे ते म्हणाले होते. तेव्हा शाळेने त्या वर्षी गुणांवरून बोलू नये.

सावदेकरदादा, ऑपरेशन यशस्वी झाले की मूल लगेच टवटवीत होईल अशी अपेक्षा घरात कोणाला असेल तर ती आताच काढून टाका. गाठ पूर्ण निघाली याची खूणच ही की कॉर्टिसॉल तळाला जाते. मग हायड्रोकॉर्टिसोनच्या गोळ्या सुरू होतात, बहुतेकांना सहा महिने ते वर्ष, काहींना अधिक. तरीही पहिले काही आठवडे अंग मोडून येते, सांधे दुखतात, कातडी सोलते, पोर रडवेले होते, कारण शरीराला जास्तीची सवय झालेली असते. पहिल्या दिवसांत फार लघवी आणि फार तहान लागली तर नर्सला लगेच सांगायचे. तीही पिट्यूटरीचीच तक्रार असते, बहुधा तात्पुरती, आणि तिला डेस्मोप्रेसिन नावाचे वेगळे औषध आहे. खर्चासाठी महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेतून काय बसते ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला दाखल होण्याआधीच विचारा. नंतर कागदांची धावपळ होते.

सावदेकर

म्हणजे आधी कॉर्टिसॉल कमी करण्याची गोळी आणि नंतर तेच वाढवण्याची गोळी. हे घरी समजावताना माझी पंचाईत होणार आहे. हायड्रोकॉर्टिसोनही स्टेरॉइडच ना? मग तिने पुन्हा तोंड सुजणार नाही काय, असे भाऊ विचारतो.

पांझराकाठ

शरीर रोज स्वतः जेवढे बनवते तेवढेच देतात, साधारण दर चौरस मीटर अंगक्षेत्राला दिवसाकाठी ८ ते १२ मिलिग्रॅम, सकाळी जास्त आणि संध्याकाळी कमी. एवढ्याने तोंड सुजत नाही. सुजेल या भीतीने घरच्यांनी परस्पर गोळी बंद करणे हाच ऑपरेशननंतरचा सर्वांत मोठा धोका असतो.

ताप आला, दात काढायचा असला, हाड मोडले तर डोस दुप्पट-तिप्पट करावा लागतो, आणि उलट्या-जुलाबांत गोळी टिकत नसेल तर इंजेक्शन. त्याचे साधारण प्रमाण असे : तीन वर्षांखालील मुलास २५ मिलिग्रॅम, तीन ते बारा वर्षे ५०, बारा वर्षांपुढे १००. म्हणजे तुमच्या पुतण्यासाठी १०० मिलिग्रॅमची एक पूर्ण कुपी. ऑपरेशनपूर्वी कीटोकोनॅझोल घेत असतानाच्या काळातही, गोमाईकाठ ताईंनी वर्णन केले तशी अवस्था झाली तर हेच लागू. मराठीत एक कागद टंकून त्यावर निदान, चालू औषधे, हे इंजेक्शन आणि मुंबईच्या विभागाचा फोन लिहावा, डॉक्टरांची सही-शिक्का घ्यावा आणि एक प्रत दप्तरात, एक घरात, एक तुमच्या जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात द्यावी. रात्री दोन वाजता ड्युटीवर असलेल्या नव्या डॉक्टरला तोंडी कुशिंग समजावणे कोणालाही जमणार नाही, कागद दाखवणे जमते.

उंचीची नोंदही आतापासून दर तीन महिन्यांनी त्याच भिंतीवर, त्याच पट्टीने ठेवावी. आजार आटोक्यात आला की उंची पुन्हा धरते. वर्ष गेले तरी धरली नाही तर वाढीच्या संप्रेरकाची तपासणी मागावी, कारण ऑपरेशन किंवा किरणोपचारानंतर त्याची कमतरता राहू शकते आणि त्यावर इंजेक्शने आहेत. शिवाय तपासण्या काही वर्षे सोडू नयेत; आजार उशिरानेही उलटतो.

भुसावळ जंक्शन

हायड्रोकॉर्टिसोनची १०० मिलिग्रॅमची कुपी कोणत्याही बऱ्या मेडिकलमध्ये मिळते आणि फार महाग नाही. दोन घ्याव्यात, सोबत विरघळवण्याचे पाणी, सिरिंज आणि सुया एकाच डब्यात ठेवाव्यात. कोरडी पावडर फ्रीजमध्ये ठेवायची गरज नसते, पण आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ पर्यंत जातो, तेव्हा डबा पत्र्याच्या खोलीत, गाडीच्या डिकीत किंवा देवघरातल्या दिव्याजवळ नको. माठाच्या खोलीतल्या कपाटाचा खालचा कप्पा बरा. कुपीवरची मुदत दप्तरातल्या कागदावर लाल शाईने लिहून ठेवावी आणि मुदत संपण्यापूर्वी महिनाभर नवी घ्यावी. कीटोकोनॅझोलची नवी पट्टी आणायला याल तेव्हा जुन्या चिठ्ठ्या सगळ्या घेऊन या, मी एकदा सर्व औषधे एकत्र पाहून एकमेकांना मारक असणारी वेगळी लिहून देतो.